भिशीची वही मोबाइलवर : फोंडा तालुक्यातील एका गटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातील बाराजणांची ही भिशी. निम्मे सभासद कुंडई औद्योगिक वसाहतीत कामाला, बाकीचे शेजारपाजारचे: शिवणकाम करणारी एक बाई, बसचा एक निवृत्त वाहक, घर सांभाळणाऱ्या दोघी. ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत. हप्ता २,००० रुपये. कारखान्यातले पगार ७ तारखेपर्यंत होतात म्हणून भरण्याची तारीख १०. दर महिन्याला एकाला २४,००० मिळतात, बारा महिन्यांत सगळ्यांची पाळी होते. व्याज नाही, कमी रकमेवर उचलायला तयार असेल त्याला भिशी देण्याचा लिलाव नाही. भिशी नऊ वर्षे एकाच बाईंनी चालवली आहे. सगळे त्यांना ताई म्हणतात, येथेही तेच नाव ठेवले आहे.

२०२४ च्या अखेरीस गटातल्या एकीचा भाचा आणि त्याचे दोन मित्र यांनी ‘मित्रांनी मिळून बचत करण्याचे अ‍ॅप’ करायला घेतले. पहिला आराखडा बाहेरच्या एका तयार नमुन्यावर बेतलेला होता: प्रत्येकाचे पाकीट, उद्दिष्टाचे गोल चक्र, भरत जाणारी टक्केवारी. नमुन्यात उदाहरणादाखल घातलेले उद्दिष्ट होते ‘गोवा ट्रिप’. फोंड्यात ते पाहून सगळे हसले आणि आराखडा तिथेच गुंडाळला गेला, हे बरेच झाले. त्यानंतर या तिघांनी जे केले ते आधीच करायला हवे होते. त्यांनी ताईंची वही मागून घेतली.

अडचण नेमकी कुठे होती

वहीत आधीच्या फेरीच्या १४४ नोंदी होत्या. त्यांतल्या ३१ हप्त्यांची तारीख १३ च्या पुढची होती. त्या ३१ पैकी १९ नोंदींपुढे पेन्सिलीने एक बारीक वर्तुळ काढलेले होते. विचारल्यावर ताई आधी काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की ते पैसे त्यांनी स्वतःचे घातले होते. ज्याची भिशी लागली त्याला १० तारखेला पूर्ण रक्कम द्यायची, राहिलेले मागाहून गोळा करायचे. एका महिन्यात असे ८,००० रुपयेही त्यांच्या खिशातून गेले होते. सभासदांपैकी कुणालाच हे माहीत नव्हते. उशीर करणाऱ्यांचे उत्तर ठरलेले: ‘फाल्यां दितां गे ताई.’ उद्या देते म्हणणारीला दुसऱ्यांदा विचारायची ताईंना भीड वाटे.

अ‍ॅप करणाऱ्यांचा समज होता की लोकांना बचतीची शिस्त नसते आणि ती लावायची आहे. वही वेगळेच सांगत होती. शिस्त बऱ्यापैकी होती. उरलेला उशीर एकच माणूस मुकाट्याने गिळत होता, आणि म्हणून तो उशीर कुणालाच दिसत नव्हता.

दुसरी अडचण हिशेबाची, आणि तिच्याकडे भिशी चालवणारे सहसा कागद-पेन घेऊन पाहत नाहीत. भिशी उचललेल्यांकडून गटाला येणे असलेली रक्कम महिन्यागणिक बदलते. पहिल्या महिन्यानंतर उचललेला एकच असतो, त्याचे ११ हप्ते राहिलेले, म्हणजे २२,०००. सहाव्या महिन्यानंतर उचललेले सहाजण आणि प्रत्येकाचे सहा हप्ते बाकी, म्हणजे ३६ हप्ते, ७२,००० रुपये. जोखीम सर्वांत जास्त असते ती फेरीच्या मध्यावर. शिवाय कुणी बुडवले तर तोटा सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. आधी उचललेल्यांचे काहीच जात नाही, ज्यांची पाळी यायची आहे त्यांच्याच भिशीत दरमहा २,००० कमी पडतात.

तीन मार्ग

पहिला मार्ग: पैसे अ‍ॅपमध्ये ठेवायचे. सगळ्यांचे हप्ते अ‍ॅपच्या पाकिटात जमा होणार आणि १० तारखेला आपोआप वाटप. दिसायला सगळ्यांत सुबक, आणि तिघांचा ओढा याकडेच होता. पण दुसऱ्यांचे पैसे सांभाळणारे पाकीट चालवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि बँक नसलेल्या कंपनीची निव्वळ मालमत्ता अर्ज करतानाच किमान ५ कोटी रुपये असावी लागते. त्याशिवाय १९८२ चा चिट फंड कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आहेच. वकिलांनी दोन गोष्टी बजावल्या. अ‍ॅपने जमा रकमेवर टक्केवारी घेतली तर ते चिट चालवणाऱ्या ‘फोरमन’सारखे दिसेल, आणि लिलावाची भिशी अ‍ॅपमध्ये घेतली तर ती सरळ चिट फंड कायद्याच्या व्याख्येत जाऊन बसेल. व्याख्येला जोडलेल्या स्पष्टीकरणात पाळीपाळीच्या काही भिश्या वगळल्या आहेत हे खरे, पण तेवढ्या एका वाक्याच्या भरवशावर लोकांचे पैसे हाती घेण्यात शहाणपण नव्हते.

दुसरा मार्ग: पैसे नेहमीप्रमाणे ताईंच्या खात्यात जायचे, अ‍ॅपने नुसती वही लिहायची. सवय मोडत नाही, हा मोठा फायदा. पण पेन्सिलीची वर्तुळे तशीच राहणार. ताईंच्या बचत खात्यातून वर्षाला २,८८,००० रुपये फिरत राहणार, तेही त्यांचे नसलेले.

तिसरा मार्ग: ज्याची भिशी लागली त्याच्या खात्यात प्रत्येकाने थेट भरायचे. मध्ये कुणीच नाही. अ‍ॅप सांगणार कुणी, कुणाला, किती द्यायचे आणि किती पोचले.

तिसरा मार्ग निवडला गेला. ताईंना तो पटला नव्हता. त्यांचा आक्षेप रास्त होता: ‘उचलणारा मागणार कसा? मी मागितले तर माझे कर्तव्य, त्याने मागितले तर तो हावरट.’ पुढचे बरेचसे डिझाइन या एका वाक्याला उत्तर शोधण्यात गेले.

काय केले

कोण भरायचे राहिले ते कुणाला दिसावे, यावर सर्वांत जास्त खल झाला. सगळ्यांना नावे दाखवली तर उशीर कमी होईल, पण एकाच वाड्यावर राहणाऱ्या लोकांत त्याचा अर्थ चारचौघांत लाज काढणे असाच होतो. फक्त ताईंना दाखवले तर ओझे पुन्हा त्यांच्याच डोक्यावर. शेवटी ठरले असे: १३ तारखेपर्यंत सगळ्यांना नुसता आकडा दिसेल, ‘११ पैकी ८ पोचले’. १४ पासून नाव फक्त उचलणाऱ्याला आणि ताईंना दिसेल. ज्याचा हप्ता राहिला त्याला मात्र ९ तारखेपासून रोज रात्री साडेआठला आठवण जाईल, आणि ती अ‍ॅपच्या नावाने जाईल, कुणा माणसाच्या नावाने नाही.

आठवणीची भाषा तीनदा बदलली. पहिल्या मसुद्यात ‘थकबाकी’ आणि ‘देय दिनांक’ होते. वाहकमामा म्हणाले, हे पतसंस्थेच्या नोटिशीसारखे वाटते. दुसरा मसुदा इतका लाडिक होता की कुणी मनावर घेतला नसता. शेवटचा: ‘ऑगस्टचा हप्ता अजून यायचा आहे.’ तांबडा रंग काढून टाकला. कुलूपबंद पडद्यावर रक्कम आणि ‘भिशी’ हा शब्द दोन्ही दिसत नाहीत, नुसते ‘एक आठवण आहे’ एवढेच येते. बारापैकी तिघींचा फोन घरात दुसरेही वापरतात, आणि भिशीतली बचत घरात सगळ्यांना माहीत असतेच असे नाही. ही गोष्ट मुलाखतींत कुणी आपणहून सांगितली नाही. नमुना हातात दिल्यावर एकीने फोन पालथा ठेवला, तेव्हा ती कळली.

पैसे पोचल्याची खूण कुणी करायची? देणाऱ्याने ‘भरले’ दाबले की नोंद पिवळी होते, घेणाऱ्याने ‘आले’ दाबल्यावरच हिरवी. पडद्याचे छायाचित्र पुरावा म्हणून घेतले नाही, कारण खोटी छायाचित्रे करून देणारी अ‍ॅप मिळतात. त्याऐवजी यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक घेतला जातो आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा टाकला तर नाकारला जातो. बँकेचे संदेश वाचून हे सगळे आपोआप करता येईल का, असा विचार झाला होता. पण गूगल प्लेने २०१८ पासून संदेश वाचण्याच्या परवानगीवर कडक निर्बंध आणले आहेत, आणि तसेही आपले संदेश कुणी वाचावेत याला गटात कुणीच राजी नव्हते. फोनमधली नावे-नंबरही अ‍ॅप मागत नाही. गटात यायचे ते ताईंच्या फोनवरचा कोड स्कॅन करून.

एक बारकावा: देणाऱ्याच्या खात्यातून पैसे गेले आणि घेणाऱ्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून पिवळ्या नोंदीवर ‘आले नाहीत’ हे बटण दुसरा दिवस संपल्याशिवाय उघडत नाही. घाईने पुन्हा भरलेला हप्ता परत मागणे हे मूळ हप्ता मागण्यापेक्षा अवघड असते.

दोघे रोखीने भरतात, त्यांतल्या एकीकडे बटणांचा साधा फोन आहे. रोख नोंद ताई करतात, घेणारा ‘आले’ दाबतो, आणि ताईंच्या फोनवर तयार संदेश उघडतो: ‘ऑगस्ट भिशी ₹२,००० मिळाले. बाकी हप्ते ४.’ त्यांनी फक्त पाठवायचे. संदेश एवढा आखूड असण्याला कारण आहे. देवनागरी लघुसंदेशात १६० ऐवजी ७० चिन्हे बसतात, आणि मात्रा, वेलांटी, हलंत ही प्रत्येकी वेगळी मोजली जातात. वरचा संदेश ३९ चिन्हांचा आहे. त्यात नाव आणि नमस्कार घालायला गेले की तो दोन तुकड्यांत जातो आणि कधीकधी तुकडे उलटसुलट पोचतात.

चिठ्ठ्या मात्र अ‍ॅपने काढायच्या नाहीत असे ठरले. ‘यादृच्छिक’ बटण तयार होते, पण ते दाबून कुणाचे समाधान होईना. ‘आत काय चालते कुणाला दिसते?’ जानेवारीत ताईंच्या सोप्यावर डब्यात बारा चिठ्ठ्या टाकल्या, लहान मुलीने त्या काढल्या आणि वर्षभराचा क्रम लागला. अ‍ॅपने क्रम नोंदवला, दोघांनी साक्षीदार म्हणून मान्य केला. आधी दर महिन्याला चिठ्ठी काढत. वर्षाचा क्रम एकदम लावल्याने अदलाबदल शक्य झाली, आणि ती वर्षात तीनदा झाली. ऑगस्टच्या पाळीवर सगळ्यांचा डोळा होता, कारण २०२५ ची चवथ (गणेश चतुर्थी) २७ ऑगस्टला होती.

कुठे कुठे बिनसले

पहिल्याच महिन्यात अ‍ॅपने ‘१२ पैकी ११ पोचले’ दाखवून उचलणाऱ्यालाच रोज आठवण पाठवली. थेट भरण्याच्या पद्धतीत उचलणारा स्वतःला पैसे पाठवत नाही, म्हणून वर्षाच्या नोंदी १४४ असल्या तरी प्रत्यक्ष व्यवहार १३२ होतात. त्याच्या खात्यात २२,००० येतात. उरलेले २,००० त्याच्या खिशातच असतात, पण ‘दोन हजार कमी आले’ ही तक्रार दोघांनी केली. आता पडद्यावर ‘२२,००० आले + तुमचा हप्ता २,०००’ असे लिहिलेले असते.

खरी परीक्षा मेमध्ये झाली. फेब्रुवारीत उचललेल्या एका सभासदाचे कंत्राटी काम सुटले. मे ते डिसेंबर आठ हप्ते बाकी, १६,००० रुपये. ताईंचा पहिला विचार नेहमीचाच, आपण भरू. पण आता पैसे त्यांच्या हातून जात नव्हते. भरायचे तर उचलणाऱ्याच्या खात्यात त्यांच्या नावाने दिसणार. त्या थांबल्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा भिशीच्या अडचणीसाठी बैठक बसली. पुढच्या आठजणांनीच तोटा सोसावा, असे कुणी म्हणाले. सगळ्या अकराजणांनी वाटून घ्यावा तर माणशी १,४५५ च्या आसपास पडत होते. शेवटी ठरले की त्याने दरमहा निम्मा हप्ता, १,००० रुपये द्यायचा. प्रत्येक भिशीत राहणारे एकेक हजार जानेवारी २०२६ पासून क्रमाने एकेकाला फेडायचे.

माणसांचा तोडगा तासाभरात निघाला, अ‍ॅपला मात्र तो झेपेना. नोंदीत ‘भरले’ किंवा ‘नाही’ एवढीच जागा होती. निम्मा हप्ता कुठे लिहायचा? पाया बदलून प्रत्येक नोंदीत रक्कम घालायला दोन आठवडे लागले, तोवर ताईंनी वही पुन्हा काढली. त्याच वेळी ‘उसने’ अशी वेगळी नोंद आली: एकाच्या वतीने दुसऱ्याने भरले तर ते त्या दोघांना आणि उचलणाऱ्याला दिसते.

ऑक्टोबरमध्ये तिसरा धक्का बसला. ‘मागणार कसा’ याला उत्तर म्हणून मदतीच्या पानावर सांगितले होते की उचलणाऱ्याने आपल्या यूपीआय अ‍ॅपमधून ‘पैसे मागा’ वापरावे. २,००० ही व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा मागणीची कमाल मर्यादा, म्हणजे हप्ता त्यात नेमका बसत होता. फसवणुकीमुळे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून ही सोयच बंद केली. परिपत्रक जुलैअखेरचे, हातात दोन महिने होते, पण तिघांपैकी कुणीही ते पाहिले नव्हते. १० ऑक्टोबरला उचलणाऱ्याचा फोन आला तेव्हा कळले. घाईत रक्कम भरलेला क्यूआर कोड दाखवायला सुरुवात केली. मग लक्षात आले की स्वतःच्याच फोनवरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करता येत नाही. थेट यूपीआय अ‍ॅप उघडणारी लिंक काही अ‍ॅप खासगी यूपीआय पत्त्यासाठी नाकारतात. शेवटी सगळ्यांत साधा उपाय टिकला: यूपीआय पत्ता, त्याखाली ‘कॉपी करा’, त्याखाली पैसे घेणाऱ्याचे बँकेतले नाव, म्हणजे भरण्याआधी ताडून पाहता येते.

निष्पत्ती

फेरी डिसेंबरमध्ये पूर्ण झाली. १३ तारखेनंतर आलेले हप्ते १४, आधीच्या फेरीत ते ३१ होते. यात मे महिन्यातल्या ठरावाचे निम्मे हप्ते धरलेले नाहीत. ताईंनी दुसऱ्याच्या वतीने दोनदा भरले, दोन्ही ‘उसने’ म्हणून लिहिलेले आणि महिन्याच्या आत परत आलेले. यातले श्रेय किती अ‍ॅपचे आणि किती मेमधल्या बैठकीचे, हे वेगळे काढता येत नाही. बैठकीनंतरच्या सात महिन्यांत उशिराचे हप्ते फक्त चार होते.

अ‍ॅप आणखी तीन गटांनी घेतले. त्यांतल्या एकाने दोन महिन्यांत सोडले. तिथे चालवणारा जमा पैसे मधल्या काळात व्याजाने फिरवत असे आणि थेट भरण्याने तेच बंद झाले असते. तो गट गेल्याचे वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

चवथीनंतर गटाने ‘चवथ पेटी’ मागितली: दरमहा ५०० साठवायचे आणि बाजाराच्या आधी सगळ्यांना एकदम मिळावेत. इथे पैसे कुठेतरी वर्षभर राहणारच. ताईंच्या नावाचे खाते नको हे आता सर्वांना पटले होते. तिघांच्या सहीचे संयुक्त खाते पतसंस्थेत काढावे अशी सूचना आली. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखे ५ लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण नसते, हे त्या वेळी बहुतेकांना ठाऊक नव्हते. गोव्यात २०२० आणि २०२१ मध्ये दोन नागरी सहकारी बँकांचे परवाने रद्द झालेले लोकांनी पाहिले आहेत, त्यामुळे मुद्दा लगेच भिडला. शेवटी प्रत्येकाने आपापल्या बँकेत आवर्ती ठेव उघडली. अ‍ॅपमध्ये फक्त ‘या महिन्याची गेली’ एवढी खूण होते. बारापैकी नऊजण यात आहेत.

वेगळे काय करता आले असते

वही पहिल्या दिवशी मागायला हवी होती. पाकिटाच्या आराखड्यात सहा आठवडे गेले, आणि वकिलाकडे जाणे त्याच्याही नंतर झाले. हा क्रम उलटा असता तर पहिला मार्ग कागदावरच संपला असता.

अर्धवट भरणा, उशीर, माणूस गळणे यांची जागा सुरुवातीच्या रचनेतच हवी होती. भिशीत या गोष्टी अपवाद नाहीत. फेरी सुरू होण्याआधी गटाकडून ‘कुणी थांबला तर काय?’ या प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यायला हवे होते. प्रत्येकाने एक हप्ता आगाऊ ठेवला असता तर २४,००० ची गंगाजळी झाली असती आणि मेमधले १६,००० त्यात भागले असते. मात्र ती ठेवायची कुणाकडे, हा प्रश्न पुन्हा पहिल्या मार्गाशी नेतो. नव्या माणसाला पाळी शेवटच्या चार महिन्यांत द्यायची, ही जुनी पद्धत जास्त सोपी. सोप्यावरच्या चिठ्ठ्यांत ती नकळत सुटली होती. २०२६ च्या फेरीत ती परत आणली आहे: नव्या सभासदांच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात.

घरखर्चाला गोवा सरकारच्या गृह आधार योजनेच्या १,५०० रुपयांची जोड असलेल्या दोघींना १० तारीख सोयीची नाही, हे वर्षभर दिसत होते. त्यांना २० तारीख द्यावी तर त्या महिन्याचा उचलणारा दहा दिवस थांबणार. हा निर्णय अजून झालेला नाही.

आणि एक चूक कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. अ‍ॅपमध्ये भरण्याची तारीख सगळ्या महिन्यांना एकच आहे. २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला आहे. १० तारखेला सुरू झालेले हप्ते १३ पर्यंत आले तर उचलणाऱ्याचा माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा) बाजार चुकणार. पगार ७ ला, म्हणून त्या एका महिन्यापुरती ८ तारीख ठरली. अ‍ॅपमध्ये ती घालायला जागा नाही. ताईंनी ती वहीत लिहून ठेवली आहे.